शेरणी उपटून नदीचा काठ टिकणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या नदीत आठवडाभरापासून पोकलेन उतरला आहे. काठावरची शेरणीची झुडपे मुळासकट काढून तिथे काँक्रीटची संरक्षक भिंत घालणार आहेत. विचारले तर उत्तर मिळते, ‘झुडपांमुळे पुराचे पाणी तुंबते.’ माझी उमेदीची वर्षे पाटबंधाऱ्यांच्या कामांत गेली, अशा भिंती मीही बांधल्या. म्हणून राहवत नाही.

शेरणी सह्याद्रीतल्या नद्यांच्या पात्रात, खडकांच्या फटींत मुळे रोवून वाढते. पाने कण्हेरीसारखी अरुंद, फांद्या वेतासारख्या लवणाऱ्या. गेल्या जुलैत पूर ओसरल्यावर मी मुद्दाम बघायला गेलो. सगळी झुडपे प्रवाहाच्या दिशेने आडवी झोपली होती, फांद्यांत गवत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या गच्च अडकलेल्या. बुंध्याशी हात घालून पाहिला, मूळ एकाचेही हलले नव्हते. पंधरा दिवसांत ती पुन्हा उभी राहिली. त्याच पुरात पलीकडच्या काठावरच्या जुन्या भिंतीचा पाया खरवडून निघाला आणि तिचा एक अख्खा तुकडा नदीकडे कलला. मागे माती खचून माणूस उतरेल एवढी फट पडली आहे. ती आजही तशीच आहे.

न वाकणाऱ्या वस्तूवर पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. वाकणाऱ्या वस्तूचे गणित वेगळे. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ स्टीव्हन व्होगेल यांनी ते वनस्पतींवर मोजमापे घेऊन मांडले. पुढे 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी साबणाच्या पाण्याच्या वाहत्या पडद्यात काचेचा बारीक तंतू धरून पाहिला. तो पुरेसा वाकला की रेटा वेगाच्या 4/3 घाताने वाढत होता. म्हणजे दुप्पट वेगाला सुमारे अडीचपटच.

पाणी तुंबण्याचा मुद्दा मी झटकत नाही. पाणी कमी असताना उभे झुडूप ते अडवतेच. पण भर पुरात ते आडवे झाले की त्याचा अडथळा खूप कमी होतो. मॅनिंगचा गुणांक, म्हणजे पात्राचा खडबडीतपणा पाण्याला किती अडवतो ते सांगणारा आकडा, आम्ही सगळेच अभियंते शिकलो. तो वर्षभर एकच धरायचा नसतो, हे का विसरतो? पुलाच्या गाळ्यांत वाढलेली झाडे जरूर काढावीत. तिथे माझी हरकत नाही.

जिथे काठ खरोखरच ढासळतो आहे, तिथे गॅबियन घाला, म्हणजे तारेच्या जाळीत भरलेले दगड. पायथ्याची माती गेली की गॅबियन थोडे खाली बसते, वाकते, पण तडकत नाही. पूर उतरताना काठाच्या मातीत मुरलेले पाणी दगडांच्या सांदीतून निघून जाते. काँक्रीटच्या भिंतीत त्यासाठी ठेवलेली छिद्रे, म्हणजे वीप होल, गाळाने बुजतात आणि मग ते पाणी मागून भिंतीलाच ढकलते. गॅबियनच्या सांदीत वाळुंजाच्या ओल्या फांद्या खोचल्या तर त्या फुटतातही. मुळे धरेपर्यंत दोन पावसाळे सांभाळावे लागेल एवढेच.

पुलापासून देवळाच्या घाटापर्यंतची शेरणी अजून शाबूत आहे. पोकलेन तिथे पोहोचायला फार तर चार दिवस लागतील. तेवढा पट्टा तरी सोडावा आणि ते आदेश लेखी निघावेत, अशी माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता