व्यसनमुक्तांच्या सभांना जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गटारी अमावास्येला दारूच्या दुकानांपुढील रांगांची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात. त्याच संध्याकाळी काही माणसे एखाद्या वर्गखोलीत किंवा चर्चच्या दालनात जमून आजचा दिवस न पिता पार पडावा म्हणून एकमेकांना सोबत करीत असतात, याची मात्र कुठे नोंद होत नाही.

या सोबतीचे मोल जुने आहे. 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे शेअर बाजारात काम करणारा एक गृहस्थ आणि एक शल्यविशारद, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांशी मोकळेपणाने बोलल्यामुळे सावरले आणि त्यातूनच दारू सोडू पाहणाऱ्यांची ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेथेही स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच पुढे कार्यकर्ते म्हणून काम अंगावर घेतले. कारण उघड आहे. डॉक्टरांनी सांगून आणि घरच्यांनी रडून जे पटत नाही, ते त्याच वाटेने गेलेल्या माणसाच्या तोंडून ऐकले की पटते. शिवाय केंद्रातील उपचार काही आठवड्यांत संपतात. घरी परतल्यावर नाक्यावरचा बार आणि हाक मारणारे जुने मित्र तिथेच असतात.

माझे थोरले बंधू अशा सभांना जातात. बाहेरच्यांना प्रवेश असलेल्या सभेला मीही त्यांच्यासोबत गेलो आहे. तेथे कोणी आडनाव विचारत नाही, उपदेश करीत नाही. नव्याने आलेल्या एका तरुणाचे हात इतके थरथरत होते की भरलेला पेला त्याला धरवला नसता. शेजारच्या वयस्क गृहस्थांनी काही न बोलता त्याच्या हाती अर्धाच चहा दिला. जुनी मंडळी आपला फोन क्रमांक देतात आणि रात्री दोन वाजता फोन आला तरी उठून बोलतात. हे सारे विनावेतन चालते.

अडचण जागेची आहे. आमच्या भागातील एका शाळेने अनेक वर्षे दिलेली खोली ‘पालकांची हरकत आहे’ एवढेच सांगून काढून घेतली. ‘दारुडे येतील’ ही भीती मी समजू शकतो, पण तेथे येणारे दारू सोडण्यासाठीच येतात. जागा वारंवार बदलली की सर्वाधिक नुकसान नव्या माणसाचे होते. मोठ्या मुश्किलीने धीर गोळा करून तो येतो आणि दाराला कुलूप पाहून परत फिरतो. हे गट बाहेरच्यांकडून देणगी घेत नाहीत, सभेत जमलेल्या पैशांतून चहाचा आणि भाड्याचा खर्च भागवतात. त्यामुळे फुकट जागेचीही त्यांची मागणी नाही. गृहनिर्माण संस्थांची सभागृहे आणि गणेश मंडळांच्या खोल्या आठवड्यात कितीतरी संध्याकाळी रिकाम्या असतात. त्यांतील एक संध्याकाळ या गटांना आणि एक व्यसनी माणसांच्या पत्नींच्या गटांना द्यावी, असे माझे पदाधिकाऱ्यांना आवाहन आहे. त्या स्त्रियांनाही मन मोकळे करायला जागा लागते, आणि त्यांचा विचार आपण फार उशिरा करतो.

आपणही ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात व्याख्याने आणि कीर्तनांबरोबर या सभांचे ठिकाण व वेळ नियमित छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे