व्हेस्परचे माप मिलिलिटरमध्ये द्या

संपादक महाशय,

पुरवणीत घरी करायच्या कॉकटेलच्या कृती छापताना मापे 'तीन भाग', 'दोन पेग' अशी दिली जातात. जिन आणि व्होडका एकत्र येणाऱ्या व्हेस्परसाठी हे धोक्याचे आहे. १९५३ सालच्या एका इंग्रजी हेरकादंबरीतून आलेल्या या पेयाचे मूळ प्रमाण तीन भाग जिन, एक भाग व्होडका आणि अर्धा भाग किना लिले ही सुगंधी फ्रेंच वाइन. एक भाग ३० मिली धरला तर एका ग्लासात १२० मिली कडक दारू, म्हणजे चार छोटे पेग जातात! एका माणसाला ४५ मिली जिन, १५ मिली व्होडका आणि साडेसात मिली लिले पुरे. पेगमाप नसेल तर खोकल्याच्या औषधाबरोबर येणारा खुणांचा कप घ्यावा. बाटलीच्या झाकणाचा भरवसा नाही.

खरी अडचण तिसऱ्या घटकाची. संत्र्याची साल आणि सिंकोना झाडाच्या सालीचा कडवटपणा असलेली जुनी किना लिले आता बनत नाही. आजची लिले ब्लां तिच्याहून सौम्य आहे. तीही न मिळाल्यास अनेक जण कडवट चवीसाठी टॉनिक वॉटर ओततात. ते गोड असते, शिवाय त्यातल्या गॅसमुळे हलवताना झाकण उडते. दिंडोरी-गंगापूरकडे इतकी चांगली शेनिन ब्लां ही पांढरी वाइन तयार होत असताना नाशिककराने टॉनिककडे का वळावे? १०० मिली वाइनमध्ये संत्र्याच्या सालीची एक पातळ पट्टी आणि एक चमचा साखर घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी, सकाळी गाळावी. कडवटपणासाठी ग्लासात अँगोस्टुरा बिटर्स या कडू अर्काचे दोन थेंब पुरतात. चव हुबेहूब येणार नाही, पण पेयाचा तोल राहतो. ही वाइन तीन-चार दिवसांत संपवावी. सिंकोनाची साल विकत आणून घरी भिजवण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये. सालीतले क्विनाइन हे कडू औषधी द्रव्य किती उतरले ते घरी मोजता येत नाही आणि जास्त झाल्यास कान वाजणे, चक्कर, उलट्या असे त्रास होतात.

बर्फाबद्दल कृतींमध्ये बहुधा एक ओळही नसते. हलवताना वितळणारे पाणी हा या पेयाचा घटकच आहे. ते साधारण पाव हिश्श्याएवढे हवे. फ्रिजच्या ट्रेमधले छोटे खडे, त्यातही बाहेर काढून ठेवलेले, फार लवकर वितळतात आणि नाशिकच्या एप्रिलमध्ये तर पेय पाणचट होतेच. वाटीत गोठवलेला मोठा बर्फ फोडून थेट फ्रीझरमधून घ्यावा. शेकर नसल्यास रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची स्टीलची बाटली चालते. १२ ते १५ सेकंद जोरात हलवून चहाच्या गाळणीतून थंड केलेल्या ग्लासात गाळावे. सुरुवातीला दिसणारा गढूळपणा हवेच्या बुडबुड्यांचा असतो, तो मिनिटभरात जातो.

वर लिंबाचा रस पिळू नये, आंबटपणाने जिनचा सुगंध दबतो. हवे असते ते सालीतले तेल. कागदी लिंबाची साल फार पातळ, सोलाण्याने काढताना आतला कडू पांढरा भाग सोबत येतो. पिवळे जाड सालीचे लिंबू किंवा धुतलेली मोसंबी घ्यावी, पट्टी ग्लासावर पिरगळून आत सोडावी.

अशा कृतीशेजारी कडक दारूसाठी महाराष्ट्रात वयाची अट २५ वर्षे आहे आणि परवाना लागतो, एवढेही छापावे, ही विनंती.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक