इंजेक्शन गाईला, मरण गिधाडाला

महोदय,

हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडे 2024 मध्ये ताडोबा आणि पेंचला आणल्यापासून त्यांच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. त्या येतात पर्यावरणाच्या पानावर. मी मात्र त्या पशुवैद्यकाच्या नजरेने वाचतो. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी रायगड जिल्ह्यात झाली आणि नव्वदच्या दशकात डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची इंजेक्शने मीही दिली आहेत. कास सुजून दगडी झालेली गाय, पाय सुजलेला बैल. सुई टोचली की संध्याकाळपर्यंत जनावर वैरणीला तोंड लावायचे. औषध स्वस्त होते आणि शेतकरी दुवा द्यायचा. त्यातले एखादे जनावर दगावलेच, तर गावाबाहेर टाकलेल्या त्या ढोराचे पुढे काय होते, हा प्रश्न ना आम्हाला पडला, ना औषधाला परवानगी देणाऱ्यांना.

गिधाडे कमी होऊ लागली तेव्हा आधी संशय गेला साथीच्या रोगावर. खरे कारण 2004 मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून कळले. मेलेल्या गिधाडांच्या आतड्या-काळजावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता, यूरिक आम्लाचा. डायक्लोफेनॅकने त्यांचे मूत्रपिंडच बंद पडले होते. शंभर ढोरांमागे एखाद्यात जरी हे औषध उरले, तरी सगळी प्रजात खचायला तेवढे पुरते, असेही गणित निघाले. गिधाडे एकाच ढोरावर डझनांनी बसतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर नव्याण्णव टक्क्यांहून अधिक संपली.

2006 मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या. अखेर 2015 मध्ये बाटली तीन मिलीचीच असावी, असा नियम करावा लागला. दरम्यान पर्याय म्हणून अॅसिक्लोफेनॅक वापरात होते. ते गाईच्या शरीरात गेले की त्याचे डायक्लोफेनॅकच होते! रसायनशास्त्र जाणणाऱ्याला दोन्ही रेणू शेजारी ठेवले तरी ही शंका यावी. तरीही त्यावर आणि किटोप्रोफेन या आणखी एका वेदनाशामकावर बंदी यायला 2023 उजाडले. म्हणजे पहिल्या बंदीनंतर सतरा वर्षे. निमेसुलाइड या तशाच औषधाचा नंबर त्याच्याही नंतर लागला.

याची किंमत माणसांनीही मोजली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार गिधाडे नाहीशी झाल्यामुळे 2000 ते 2005 या काळात देशात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले. ढोरे कुजली, पाणी नासले, कुत्री वाढली, रेबीज वाढला. हा आकडा अंदाज आहे, त्यावर वाद घालता येईल. पण निम्मा धरला तरी झोप उडते.

आजही नव्या वेदनाशामकाची चाचणी ज्या जनावराला ते द्यायचे त्याच्यावर होते. ते जनावर खाणाऱ्याचा विचार पक्षी मेल्यानंतर, पक्षीतज्ज्ञांनी ओरड केल्यावर. ही उलटी रीत बदलावी आणि गिधाडांना अपाय नाही हे सिद्ध झाल्याखेरीज गुराढोरांच्या कुठल्याही वेदनाशामकाला परवानगी मिळू नये, एवढीच माझी मागणी आहे. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचे 2006 मध्येच दाखवून झाले आहे. त्यामुळे गाय तळमळत ठेवा, असे कोणी म्हणत नाही.

म्हसळ्याजवळ चिरगावच्या झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडे अजून घरटी करतात, तीही गावकऱ्यांनी राखली म्हणून. आसपासच्या गोठ्यांत काय टोचायचे नाही, हे त्या गावकऱ्यांनी कुठे वाचावे? आपल्या अंकात बाजारभावांच्या शेजारी चार ओळींची जागा असते. तिथे महिन्यातून एकदा ही चार नावे छापावीत: डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, किटोप्रोफेन, निमेसुलाइड. ते पान शेतकरी नक्की वाचतो.

— एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, महाड