काकांची बाटली या वेळी नाही

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर आई रडते, आणि ती रडली की मी "काही नाही गं, सहज एकदा जाऊन आले" म्हणून विषय बदलते. म्हणून लिहितेय: दारू सोडायला मी एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या पिणं सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगांना जाते. शिवाय व्हिडिओ कॉलवर आत्या येऊन बसते.

तब्येत उत्तम, नोकरी शाबूत. मला कोणी कुठे कोंडून ठेवलेलं नाही, आठवड्यातून काही संध्याकाळी तासभर जाते आणि घरी येऊन वरणभात लावते. चर्चच्या तळघरात जाते म्हणजे धर्म बदलला, हा मावशीचा समज कृपा करून काढा. खोली भाड्याची आहे. मीटिंगमध्ये टोपली फिरते, जमेल तो डॉलर-दोन डॉलर टाकतो, त्यातून भाडं आणि कॉफी. फी नाही आणि बाहेरच्यांची देणगीही घेत नाहीत. देवाचा विषय निघतो, पण ज्याला जसा समजेल तसा, अशी सवड त्यांनीच ठेवलीय. मी कोपीनेश्वराला धरून आहे, कोणाची हरकत नाही.

बाबा, व्हिसाचं म्हणाल तर तिथे हजेरीपट नसतो, आडनाव कोणी विचारत नाही. मीटिंग शोधणंही सोपं होतं. एएच्या साइटवर पिनकोड टाकला की वार, वेळ, पत्ता येतो. 'ओपन' असेल तर कोणीही बसावं, 'क्लोज्ड' फक्त ज्यांना सोडायची आहे त्यांच्यासाठी. नुसत्या बायकांच्याही असतात. मराठी मंडळात बभ्रा नको म्हणून मी मुद्दाम लांबच्या गावातली निवडली, तर पहिल्याच दिवशी मंडळातलंच कोणीतरी समोर! त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, बस्स. नाव विचारू नका, सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र मला पचायला फार वेळ लागला. तिथे कोणी कोणाला सल्ला देत नाही. म्हणजे अजिबात नाही. एखादा सांगतो की बायको मुलांना घेऊन गेली, सगळे ऐकतात, "थँक यू" म्हणतात आणि पुढचा बोलायला लागतो. "अरेरे" नाही, "तू असं कर" नाही, मध्ये प्रश्नसुद्धा नाही. मला वाटलं, काय दगडाची माणसं आहेत! एका मुलीला मी न राहवून म्हटलं, "मग आईकडे जाऊन राहा ना थोडे दिवस." मीटिंग चालवणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "आपल्यापुरतं बोलूया." नंतर कॉफी पिताना त्यांनी कारण सांगितलं. 1935 साली न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल कामासाठी ओहायोतल्या ॲक्रनला गेला होता. काम फसलेलं, हॉटेलात बार समोर. त्याने आत जायच्या ऐवजी फोन करकरून आपल्यासारखाच एक पिणारा शोधला. तो निघाला सर्जन. दलालाने उपदेश केला नाही, स्वतःचीच कर्मकथा सांगितली. पंधरा मिनिटं देतो म्हणून आलेला सर्जन कित्येक तास बसला. उपदेश त्याने आयुष्यभर ऐकलेच असणार. तिथूनच एए सुरू झालं.

आपल्या घरात हे कसं जमायचं? आत्या लिंबूपाणी सांगेल, मावशी नवस. आणि काका म्हणतील, लग्न करून द्या, आपोआप सुटेल.

काका बंड्याबद्दल हेच म्हणतायत ना? त्याचा शुक्रवार आता मंगळवारीच सुरू होतो, हे आईनेच मला सांगितलं. मीटिंगच्या नियमात बसत नसलं तरी लिहिते, घर म्हणजे मीटिंग नव्हे. साखरपुड्याच्या आधी मुलीला खरं सांगा, नुसतं तिच्या वडिलांना नव्हे. ठाण्यातही मीटिंगा भरतात, मराठीतून. मी बंड्याला पत्ते पाठवलेत, उत्तर नाही. नौपाड्यात डॉ. नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, पुण्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे. पण त्याच्या बाटल्या लपवून एकदम बंद करू नका. रोज घेणाऱ्याला अचानक तोडलं तर कंप सुटतो, झटकेही येऊ शकतात, आधी डॉक्टरांना दाखवा. घरच्यांसाठीही वेगळा गट असतो, अल-ॲनॉन. आई, तू जाऊन तरी ये. मी तिथे असते तर नेलं असतं. नाहीये, ते माहीत आहे मला.

हॉलचे पैसे पाठवलेत, बँकेत बघा. बाबा, या वेळी एवढे कसे, असं विचारू नका. वाइन इथे तुम्हाला वाटते तितकी स्वस्त नसते. मागच्या वर्षी कमी पाठवले तेव्हा टॅक्सचं सांगितलं होतं, तेही थोडं खरं होतं. डेकोरेशनवाल्याला अजून अॅडव्हान्स देऊ नका, आधी तारीख ठरू दे. माझ्या स्थळाचा विषय सध्या कोणाकडे काढू नका, आत्याकडे तर मुळीच नाही.

तुमची,
माई

ता. क. काकांना सांगा, ड्युटी फ्रीची बाटली या वेळी आणणार नाही. बदाम आणीन. हळदीच्या रात्री गच्चीवर बसणार असतील तर बसू देत, पण बर्फ आणि ग्लास पोचवायला मला पाठवू नका.