सहलीच्या एसटी प्रवासाबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, रविवारच्या सहलीसाठी खासगी बस न ठरवता नेहमीच्या एसटीनेच जाण्याचा निर्णय झाला आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि पुढे, नफ्याच्या हिशेबाने जिथे कोणी फिरकलेही नसते, अशा गावांपर्यंत ही सेवा पोहोचली. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण तिच्याच पासावर झाले. ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत व महिलांना अर्धे तिकीट असल्याने ओळखपत्र सोबत ठेवावे, इतरांनी सुटे पैसे आणावेत. मागील खेपेस आपल्या शेंगांची टरफले आसनांखाली राहिली आणि ती वाहकाने झाडली, हे लाजिरवाणे होते. यंदा प्रत्येकाने कचऱ्यासाठी पिशवी आणावी.

— सचिव