तिकिटं मार्चचीच काढली आहेत

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुम्हाला न विचारता तिकिटं काढून टाकली. 3 मार्चला निघायचं, 8 एप्रिलला परत. आई, ताईच्या मुलांच्या परीक्षा संपल्या की मेमध्ये यायचं तुझ्या मनात होतं, मला माहीत आहे. पण मेमध्ये इथे ॲरिझोनात, फिनिक्सला दुपारी पारा पस्तिशीच्या वर जातो आणि जूनमध्ये चाळिशी गाठतो. मग तुम्ही पडदे ओढून घरातच बसून राहणार. मार्चमध्ये दुपारी 25 अंशांच्या आसपास आणि पहाटे स्वेटर लागेल इतपत गारवा. तुमचं येणं माझ्यामुळे दोनदा लांबलं. तिसऱ्यांदा लांबवायचं नव्हतं, म्हणून आधी तिकिटं काढली आणि मग हे पत्र लिहायला घेतलं. रागावू नका.

बाबा, 'वाळवंटात कसली आलीत फुलं' म्हणालात ना? कासचा सडा आठवा. खडकावर मातीचा जेमतेम थर, आणि पाऊस झाला की काय होतं ते तुम्हीच आम्हाला दाखवलंत. इथल्या सोनोरन वाळवंटात पाऊस दोनदा येतो. उन्हाळ्यात धुवांधार आणि हिवाळ्यात रिपरिप. मार्चची फुलं या दुसऱ्या पावसावर येतात. बियांच्या सालीत उगवण रोखणारं द्रव्य असतं. शरदात एका दमात इंचभर, म्हणजे 25 मिलिमीटर, पाऊस झाला की ते धुऊन जातं. पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी सरी यायला हव्यात. खंड पडला किंवा फेब्रुवारीतच ऊन तापलं, तर रोपं बोटभर उंचीवरच वाळतात. म्हणून रानफुलांची खात्री कुणी देत नाही, आणि म्हणूनच मी सगळी भिस्त रानावर ठेवलेली नाही.

पहिला आठवडा आराम आणि झोप. मग डेझर्ट बोटॅनिकल गार्डन. 1939 सालची बाग आहे. पाणी देऊन जोपासलेली असल्यामुळे कोरड्या वर्षीही तिथे फुलं असतात, आणि रानफुलांची वाट गुडघ्याला सोसेल अशी आहे. दर थोड्या अंतरावर बसायचंच. मला बरं वाटावं म्हणून चालत राहायचं नाही, बाबा.

पिकाचो पीक या डोंगराच्या पार्कात मात्र उन्हाचा दिवस बघूनच जाऊ. तिथली पॉपीची सोनेरी रानफुलं ढग आले, वारा सुटला किंवा गारठा असला की मिटून बसतात. सकाळी आठला पोचणारे हिरव्या काड्या बघून परततात. आपण दहानंतर पोचू, तीनपर्यंत परत फिरू. वरची वाट लोखंडी दोर धरून चढायची आहे, तिकडे बघायचंसुद्धा नाही. पायथ्याच्या उतारावर, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, पुष्कळ दिसतं. आई, तिथे एक कळी वाकून बघ. तिला टोकदार हिरवी टोपी असते. फूल आतून फुगलं की टोपी अख्खी सुटून पडते आणि चार पाकळ्या गुंडाळी सोडतात, अगदी तू इस्त्रीची चुण्यांची साडी उलगडायचीस तशा. जवळच निळे ल्युपिन असतात आणि पिवळ्या फुलांची ब्रिटलबुश. तिचा चीक वाळवून पूर्वी इथल्या चर्चमध्ये धुपासारखा जाळत.

आता नीट ऐका. पार्कातलं एकही फूल तोडायचं नाही, देवासाठीसुद्धा नाही. कायद्याने मनाई आहे. देवाला मागच्या अंगणातली घे. चप्पल नको, बंद बूट. चोया नावाच्या निवडुंगाला नुसता धक्का लागला तरी त्याची काटेरी गाठ तुटून अंगाला चिकटते. तिच्या काट्यांना उलटे दाते असतात, म्हणून हाताने ओढायची नाही. रुंद दातांचा कंगवा मी खिशात ठेवते, त्याने उचकटून फेकायची. दगडाआड, झुडपात हात घालायचा नाही, कारण मार्चपासून रॅटलस्नेक, म्हणजे इथले विषारी साप, उन्हाला बाहेर येतात. आई, केशरी फुलांच्या ग्लोबमॅलोच्या झुडपाला हात लावून डोळा चोळू नकोस. त्याची बारीक लव डोळ्यांत टोचते, आणि तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. काळा चष्मा घरापासूनच घालायचा. बाबा, इथे घाम अंगावरच सुकतो, त्यामुळे तहान कळत नाही. तुमच्या गोळीने लघवी वाढते. डॉक्टरांना विचारून या, किती पाणी चालेल ते लिहून आणा. घोटाघोटाने पाजायचं काम माझं.

घरी तुमची खोली पूर्वेची, बाथरूम लागून, धरायला दांडा बसवून घेतलाय. मऊ भात, ताक, भाकरीचं पीठ सगळं आहे. खिडकीखाली संत्र्याचं झाड आहे. मार्चमध्ये ते फुलतं आणि रात्री वास घरभर येतो. लहानपणी मला झोप येईना की तू उशाशी मोगरा ठेवायचीस, तसंच वाटतं इथे. मोगराही लावलाय कुंडीत. जानेवारीत दंव पडलं की जुनी चादर टाकते. प्लॅस्टिक नाही, कारण ते पानाला टेकलं की तिथेच पान जळतं.

अंगणातलं रानफुलांचं बी ऑक्टोबरमध्ये चौपट वाळूत कालवून फेकलं, वरून पायाने दाबलं. तीन मिलिमीटरपेक्षा खोल गेलं की ते उगवत नाही. गुलाबी पेन्स्टेमॉनच्या दांड्यांवर हमिंगबर्ड येतील, चहा घेता घेता दिसतील. फक्त आई, तिथे खत घालायचं नाही आणि रोज पाणी नाही. खताने पाला माजतो, फूल येत नाही. तुझा हात राहणार नाही, म्हणून आत्ताच सांगते.

निघायच्या सुमाराला पालो वर्दे फुलतील. खोडापर्यंत हिरवं झाड एकाएकी पिवळं होतं. सग्वारोची, म्हणजे इथल्या उंच खांबासारख्या निवडुंगाची, फुलं तेवढी चुकतील, बाबा. ती मेमध्ये येतात. रात्री उमलतात, दुसऱ्या दिवशी दुपारी मिटतात. फोटो पाठवीन, वाईट वाटून घेऊ नका.

विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. नको म्हणायचं नाही. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. बिया, रोपं, कढीपत्ता काहीही आणू नका, कस्टम्सला काढून घेतात. तुळशीला पाणी घालायला शेजारच्या काकूंना सांगितलंय. कुंडी पायरीवर, त्यांच्या हाताला येईल अशी ठेवून या.

तुमची,
मनू