थंडाईच्या पिंपाला बांधलेला लाल दोरा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

महाशिवरात्र जवळ आली की आपल्या दैनिकात थंडाईच्या पाककृती येतात. बदाम, बडीशेप, खसखस, मिरे, मगज, गुलाबपाकळ्या. मी त्यांची कात्रणे जपून ठेवणारी वाचक आहे. यंदा त्याच थंडाईबद्दल थोडे वेगळे लिहिते आहे. होळी-रंगपंचमीच्या आत छापलेत तर उपकार होतील, कारण नंतर त्याचा उपयोग नाही.

गेल्या वर्षीची रंगपंचमी. आम्ही नाशिकचे, त्यामुळे आमचा खरा रंग धुळवडीला नसतो, त्या दिवशी असतो. दुपारनंतर रहाडीकडे, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदाकडे जायचे, त्याआधी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळायचे, असे ठरलेले. जिन्याखालच्या टेबलावर तोटीची दोन स्टीलची पिंपे ठेवली होती, शेजारी कागदी पेल्यांची चळत. एकात साधी थंडाई, दुसऱ्यात भांगेची. भांगेच्या पिंपाच्या कडीला लाल दोरा बांधलेला. तीच खूण. ज्यांनी बांधला त्यांनी ती आपसांत सांगितली होती. पण अकरा वाजेपर्यंत त्या टेबलावर दुसरा रंग उरलाच नव्हता. दोरा लाल, दोन्ही कड्या लाल, तोटीवर लाल बोटांचे ठसे.

आमचे यजमान उन्हातून आले आणि त्यांनी एक पेला घेतला. त्यांचे वय तेव्हा 69. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवण्याची वॉरफेरिनची गोळी रोजची. थंडाई गार होती, गोड होती, वर केशर होते. आवडली म्हणून त्यांनी आणखी एक पेला घेतला.

तासभर काही झाले नाही. अंघोळ झाली, पाने वाढली. पहिला घास तोंडाशी नेता नेता ते थांबले आणि आपल्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘अगं, आज वार कोणता?’’ मी सांगितले. मिनिटभराने पुन्हा तोच प्रश्न. असे सात-आठ वेळा झाले. जीभ जड झालेली, डोळे लाल. डोळ्यांचे मला काही वाटले नाही, रंग गेला असेल म्हटले. नाडी पाहिली तर मोजता येईना इतकी धावत होती. ‘‘मला जरा पडू दे,’’ म्हणून उठले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीच कोसळले. डोके दाराच्या चौकटीवर आपटले.

मला वाटले, पक्षाघात. माझ्या जागी कोणालाही तेच वाटले असते. 108 ला फोन केला. तोवर शेजारचे जमले. एकीने चिंचेचे पाणी आणले, कोणी लिंबू पिळून आणले आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात ते ओतायला निघाले. त्या क्षणी मला एवढेच सुचले की यांना नीट गिळता येत नाही, तर पाणी श्वासनलिकेत जाईल. मी हात आडवा घातला. माझ्यावर दोन माणसे रागावली, ती अजून नीट बोलत नाहीत.

इस्पितळात मेंदूचे स्कॅन झाले, रक्त किती पातळ आहे हे दाखवणारी आयएनआर चाचणी झाली. रक्त पातळ असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला म्हणजे आत रक्तस्राव झाला का, ही पहिली भीती. स्कॅनमध्ये काही निघाले नाही. मग हे असे का बोलतात? डॉक्टरांनी मला विचारले, ‘‘काही खाल्ले-प्यायले होते का?’’ मी छातीठोकपणे सांगितले, ‘‘फक्त थंडाई.’’ संध्याकाळी साडेपाचला सोसायटीतल्या एका मुलाचा फोन आला. आवाज रडवेला. ‘‘काकू, काका बहुतेक त्या दोरावाल्या पिंपातली प्यायलेत. आम्ही दुपारीच सांगणार होतो.’’

दुपारीच का सांगितले नाही? पोलिसांच्या भीतीने. याकडे पुढे येते.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. घरी आल्यावर जे वाचले, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, ते सांगते. भांगेची नशा ज्या द्रव्याची, ते टीएचसी 1964 साली इस्राएलमध्ये मेशुलम आणि गाओनी या शास्त्रज्ञांनी शुद्ध रूपात वेगळे केले. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. म्हणून तर आपल्या जुन्या माणसांनी भांग दुधात, तुपात, बदामाच्या वाटणात घोटली. ओढलेला धूर फुप्फुसातून काही मिनिटांत मेंदूला पोचतो. प्यायलेली भांग मात्र पोट, आतडी आणि यकृत असा लांबचा रस्ता घेते. यकृतात टीएचसीचे रूप बदलते, आणि ते बदललेले रूप मेंदूत आणखी सहज शिरते. परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात, तो भरात यायला चार तासही लागू शकतात आणि उतरायला बारा तास. खरी मेख इथे आहे. पहिल्या पेल्याने ‘काहीच झाले नाही’ म्हणून माणूस दुसरा घेतो. दोन्ही पेले मग एकदम चढतात.

छाती धडधडणे, उभे राहताच रक्तदाब उतरून भोवळ येणे, तोंडाला कोरड, ओकाऱ्या, जीव जाईल अशी भीती, आपल्यावर कोणी उठले आहे असा भ्रम, हे सगळे भांगेने होते. हृदयरोग्याला धडधड आणि रक्तदाबातली घसरण महागात पडू शकते. ज्याला पूर्वी मानसिक आजार झाला आहे किंवा ज्याच्या घरात तसा आजार आहे, त्याचा आजार उफाळू शकतो. वॉरफेरिनचे यकृतातले विघटन मंदावून रक्त हवे त्याहून पातळ होऊ शकते. लहान मूल तर पेंगुळते, उठवले तरी उठत नाही, कधी श्वासही मंद होतो. त्या दिवशी टेबलाची उंची पहिलीतल्या मुलाच्या खांद्याएवढी होती, हे मला नंतर आठवले आणि रात्रभर झोप लागली नाही. भांगेवर हुकमी उतारा नाही. सलाईन, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष, गरज पडली तर शांत करणारे औषध, आणि वेळ जाऊ देणे. लिंबू, ताक, चिंच यांनी भांग उतरते, हा समज पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे, पण पेंगुळलेल्या माणसाच्या घशात काही ओतणे हाच धोका आहे.

माझा भाचा कॅनडात असतो. हे सगळे ऐकून तो म्हणाला, ‘‘मावशी, मी इथे कधी कधी भांगेचा कॅन घेतो, मला काही होत नाही.’’ तिकडे 2018 च्या ऑक्टोबरात भांगेच्याच झाडाचा गांजा कायदेशीर झाला आणि पुढल्या वर्षी खाण्यापिण्याच्या पदार्थांनाही परवानगी मिळाली. त्याने मला कॅनचा फोटो पाठवला. लाल अष्टकोनी चिन्ह, त्यात पान, खाली टीएचसी अशी अक्षरे. एका डब्यात जास्तीत जास्त 10 मिलिग्रॅम, ही सरकारने घातलेली मर्यादा. नवख्याने अडीच मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असा तिथल्या आरोग्य खात्याचा सल्ला. शिवाय अशा बऱ्याच पेयांत तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करून मिसळतात, म्हणून त्यांचा परिणाम लवकर कळतो आणि माणूस वेळेत थांबू शकतो. आपल्या थंडाईत यातले काही नाही. पाने किती, त्यात फुलोरा मिसळला का, किती वेळ उकळली, पिंपाच्या तळाशी गाळ किती बसला, यावर प्रत्येक पेला वेगळा होतो. पहिला पेला पातळ आणि शेवटचा चौपट कडक, असे एकाच पिंपात होऊ शकते. त्यात धोत्रा मिसळण्याची खोड काही जणांना असते. धोत्र्याचे विष निराळे आणि त्याचे उपचारही निराळे. तिकडचा अनुभव इकडे धरून चालू नये, हे मी भाच्याला निक्षून सांगितले. तिकडे तरी सगळे आलबेल आहे असे नाही. असे पदार्थ बाजारात आल्यावर ओंटारिओत लहान मुलांना इस्पितळात न्यावे लागण्याचे प्रमाण वाढले, हे तिथल्याच संशोधकांनी दाखवले आहे.

‘शंकराचा प्रसाद आहे, त्याने कोणाचे वाईट होत नाही,’ असे मला सोसायटीच्या बैठकीत ऐकवण्यात आले. मी स्वतः श्रावणी सोमवार धरते. पण प्रसाद हातावर देताना तो कसला आहे हे सांगतात. दुसऱ्या एका गृहस्थांनी इंग्रजांच्या काळातल्या आयोगाचा दाखला दिला. दाखला खरा आहे. 1893-94 च्या त्या आयोगाने भांगेच्या माफक सेवनाने फारसे बिघडत नाही, अतिसेवनाने बिघडते, असेच म्हटले होते. पण ज्या पेल्यात किती आहे हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नाही, त्यात माफक म्हणजे किती? प्रमाण लिहिलेले नसेल अशी बाटली मी चाळीस मुलांच्या प्रयोगशाळेत कधी उघडी ठेवली नाही.

आता भीतीविषयी. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याची आहे. फुलोऱ्याशिवायची पाने आणि बिया तिच्यात येत नाहीत. त्यामुळे भांगेचे नियम राज्यांकडे राहिले. वाराणसीत, जैसलमेरला भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना भांग बाळगणे गुन्हा आहे. तरी सणाला ती मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे. चोरून आणायची म्हणून पिंपावर नाव लिहिता येत नाही, म्हणून दोरा. चोरून पाजली गेली म्हणून डॉक्टरांना सांगता येत नाही. आमचे चार तास त्या मुलांच्या गप्प बसण्यात गेले. मुले वाईट नाहीत. त्यातल्या दोघांना मी शिकवले आहे. पण त्या चार तासांत एका बऱ्या होणाऱ्या माणसावर पक्षाघाताचे उपचार सुरू होण्याची वेळ आली होती.

राज्य उत्पादन शुल्क विभागाने सणाआधीच्या आठवड्यात भांगेच्या गोळ्या विकणाऱ्यांकडे लक्ष द्यावे. गृहनिर्माण संस्थांनी सार्वजनिक टेबलावर भांग ठेवूच नये. आमच्या संस्थेने तसा ठराव केला आहे. आणि या दिवसांत गोंधळलेला, धडधडणारा रुग्ण आला, तर ‘भांग घेतली का?’ हे तातडीच्या कक्षात सगळ्यात आधी, न रागावता विचारले जावे.

आपल्याकडे मागणे एकच आहे. महाशिवरात्र, होळी आणि रंगपंचमी यांच्या आदल्या दिवशी पहिल्या पानावर एक लहानशी चौकट द्यावी. मजकूर मी सुचवते: ‘थंडाई पिण्याआधी त्यात भांग आहे का, हे विचारा. चुकून प्यायली गेली तर गाडी चालवू नका, वर दारू घेऊ नका. माणूस पेंगुळला असेल तर त्याला काही पाजू नका, कुशीवर निजवा आणि 108 ला फोन करा. काय प्यायले, किती वाजता प्यायले, हे डॉक्टरांना खरे सांगा.’

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक